विषय क्रमांक चार आणि विषय क्रमांक नऊ

मार्च-एप्रिलमध्ये माळव्यातल्या पंधरा वॉर्डांच्या एखाद्या नगर परिषदेची विषयपत्रिका साधारण अशी असते. विषय क्रमांक चार: उन्हाळ्यातली पाणीटंचाई, नळ एक दिवसाआडऐवजी दोन दिवसांआड सोडणे, टँकरच्या दरांना मंजुरी. विषय क्रमांक नऊ: मुख्य रस्त्याचा डिव्हायडर आणि दोन्ही कडांचं सौंदर्यीकरण, लॉनसकट, बारा महिन्यांच्या देखभालीसह. चारवर तासभर आरडाओरडा होतो. माझ्या वॉर्डात टँकर का येत नाही म्हणून दोन पार्षद, म्हणजे नगरसेवक, हमरीतुमरीवर येतात. नऊ मात्र चहाचे कप फिरेपर्यंत मंजूर झालेला असतो. झाडं लावायला नाही कोण म्हणणार?

खरं तर हे दोन्ही मिळून एकच विषय आहे, आणि त्याचा निकाल नऊमध्ये लागतो. रस्त्याकडेची बाग किती पाणी पिणार हे टेंडरच्या कागदावर एकदा लिहिलं गेलं की पुढची दोन-तीन वर्षं परिषदेच्या हातात फारसं काही उरत नाही. मे महिन्यात कितीही कडक ठराव करा, लावलेलं लॉन पाणी मागतच राहतं, ठेकेदार ते मागतच राहतो, आणि बाग वाळली तर लोक पुन्हा परिषदेलाच बोल लावतात.

इंदूरच्या भोवतालच्या राऊ, बेटमा, सांवेर, देपालपूर, हातोद अशा गावांसमोर नमुना एकच असतो, तो म्हणजे इंदूर. शहराचे डिव्हायडर, चौक, फुटपाथालगतच्या हिरव्या पट्ट्या बघून आलेल्या माणसाला आपल्या गावातही तसंच हवं असतं, आणि त्यात गैर काही नाही. पण नक्कल करताना इंदूरचं पाणी कुठून येतं तेवढं बघायचं राहून जातं.

इंदूर ज्या पाण्यावर उभं आहे ते इंदूरचं नाही. गंभीर नदीवरचा यशवंत सागर १९३९चा. तो आणि बिलावलीसारखे तलाव मिळून वाढत्या शहराला पुरेनात, तेव्हा १९७०मध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन झालं आणि १९७८ साली नर्मदा शहरात आली. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून ती सुमारे सत्तर किलोमीटर येते. पण अंतरापेक्षा चढ महत्त्वाचा. निमाडातून विंध्याच्या माथ्यावर वांचू पॉइंटपर्यंत पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने चढवायचं, तिथून पुढे ते उताराने शहरात येतं. चढ ढोबळमानाने पाचशे मीटर धरा. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर वर नेण्यासाठी नुसत्या भौतिकशास्त्राच्या हिशोबाने एक युनिट आणि वर तिसरा हिस्सा वीज लागते. पंप-मोटारीची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली की आकडा दोन युनिटांवर जातो, आणि सत्तर किलोमीटर पाइपातलं घर्षण त्यात अजून धरलेलंच नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये इंदूरच्या नगर निगमने, म्हणजे महापालिकेने, २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामांसाठीचे कर्जरोखे) काढले ते जलूदच्या पंपांसाठी ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला. पाणी चढवण्याच्या विजेचं बिल केवढं असेल, हे त्यावरून समजावं.

यावर उत्तर ठरलेलं असतं: नर्मदेचं पाणी डिव्हायडरवर कोण ओततंय, ते तर बोरिंगचं. बरोबर आहे, पण ज्या बोरिंगचं पाणी बागेला गेलं त्याच्या आसपासच्या वस्तीला मग टँकर लागतो. लहान गावात तर बोरिंगशिवाय दुसरं काही नसतंच. माळव्याच्या काळ्या मातीखाली बेसॉल्ट आहे. त्यात पाणी साठतं ते खडकाच्या वरच्या कुजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत, वाळूच्या थरासारखं सलग नाही. म्हणून दिवाळीला भरभरून चालणारं बोरिंग होळीच्या सुमारास थांबून थांबून पाणी देऊ लागतं, आणि शेजारी नवं खोदलं की दोन्ही निम्म्यावर येतात. मध्य प्रदेशात १९८६चा पेयजल परिरक्षण कायदा आहे. त्याखाली कलेक्टर टंचाईचं क्षेत्र जाहीर करून नव्या खाजगी बोरिंगवर बंदी घालू शकतात. पण नगर परिषदेने स्वतःच्या जुन्या बोरिंगचं पाणी कशावर घालवावं हे कलेक्टरचा आदेश सांगत नाही. ते परिषदेलाच ठरवायचं असतं.

आता लॉनचा हिशोब. मे महिन्यात माळव्यात ऊन कडक आणि वारा सारखा. उघड्या जमिनीवर वाढणारं गवत दिवसाला साधारण साडेसहा मिलिमीटर पाणी हवेत सोडतं. एक चौरस मीटरवरचा एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, म्हणून चौरस मीटरला रोज साडेसहा लिटर. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. गुणाकार केला की रोजचे २६ हजार लिटर. ही फक्त गवताची गरज झाली. पाइपाने किंवा फवाऱ्याने देताना वाऱ्यावर उडालेलं, रस्त्यावर वाहिलेलं धरलं तर ३५ हजारांच्या पुढे. सांडपाण्याची पाइपलाइन नसलेल्या गावासाठी माणशी ७० लिटर हे केंद्राचं प्रमाण आहे. त्या मापाने एका एकर लॉनचं निव्वळ पाणी पावणेचारशे माणसांचं होतं. नर्मदेच्या विजेत मोजलं तर रोजची पन्नासवर युनिटं, म्हणजे मध्यम घराचा आठवडाभराचा खर्च, एका एकर गवतावर, एका दिवसात.

याच्याशेजारी झाडाचा हिशोब ठेवा. पहिल्या वर्षाच्या रोपाला उन्हाळ्यात दर पाच दिवसांनी २५ लिटर पुरतात, म्हणजे दिवसाला सरासरी पाच लिटर. एका एकर लॉनच्या पाण्यात पाच हजार रोपं जगतात. दुसऱ्या उन्हाळ्यात झाडाला एका वेळी ४० लिटर द्यावे लागतात, पण आठ-दहा दिवसांनी. तिसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा. त्यानंतर कडुनिंब, करंज, शिरीष यांना पाणी घालणं म्हणजे लाड. लॉनचं असं सुटणं कधीच नसतं. दहाव्या वर्षीही त्याला पहिल्या वर्षाइतकंच लागतं.

म्हणून लॉन सगळीकडेच वाईट असं नाही. बगिच्यात जिथे मुलं लोळतात, म्हातारे संध्याकाळी बसतात, तिथे गवत असावं आणि त्याला पाणीही द्यावं. पण ज्या जागी दोन बाजूंनी ट्रक धावतात आणि माळ्याशिवाय कोणाचा पाय पडत नाही, तिथलं गवत फक्त मोटारीच्या काचेतून पाहण्यासाठी असतं.

डिव्हायडरवर पाणी घालताना पाहण्यासारखं बरंच असतं. पाच हजार लिटरचा टँकर पहिल्या गिअरमध्ये सरकतो. मागे एकजण दोन इंची पाइप धरून चालतो, पाइपातून सेकंदाला तीनेक लिटर पाणी येतं. एका झुडपासमोर तो दोन सेकंद थांबतो. सहा लिटर पडले. पण मातीचा ढीग बघा: दिसायला छान म्हणून ठेकेदाराने माती मधोमध उंच, कासवाच्या पाठीसारखी केलेली असते, आणि कडेला ती दगडी कठड्याच्या बरोबरीला आलेली असते. उन्हाने वर पापुद्रा धरलेला. पाणी त्यावरून घसरतं, कठड्यावरून उतरतं आणि रस्त्यावर येतं. दुचाकीवाले पाय वर उचलतात. बोट घालून बघितलं तर झुडपाच्या बुंध्याशी वरची दोन सेंटिमीटर माती ओली आणि खाली कोरडी राख.

त्या मातीत काय असतं हा आणखी एक विषय. डिव्हायडर बांधून झाला की आत पडतो तो तोडलेल्या रस्त्याचा मलबा, डांबराचे तुकडे, सिमेंटच्या गोण्यांचा उरलेला चुरा, आणि वर वीतभर काळी माती. मुळं त्या विताखाली जात नाहीत. काळ्या मातीचा स्वभावही असा की ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात. कठड्याच्या आत ठासून भरलेली काळी माती दर पावसाळ्यात कठड्याला बाहेर रेटते. उन्हाळ्यात भेगांतून टँकरचं पाणी सरळ खाली उतरतं आणि मुळांना चुकवून रस्त्याच्या पायात जातं. रस्त्याचा पायाही काळ्या मातीवरच असेल तर तोही फुगतो आणि खचतो. डिव्हायडरला लागून असलेल्या पट्ट्यात डांबर आधी का उखडतं, याच्या कारणांत हे पाणीही धरावं लागतं. त्या खड्ड्यांचा खर्च लॉनच्या खात्यात कोणी लिहीत नाही.

आता टेंडर. उपयंत्री, म्हणजे परिषदेचा कनिष्ठ अभियंता, अंदाजपत्रक बनवतो ते एसओआरमधल्या (सरकारी दरसूचीतल्या) बाबींवरून: लॉन बिछवणे इतके चौरस मीटर, झुडपं इतकी नग, शोभेची माती इतके घनमीटर, पाणी टँकरने, दर फेरीप्रमाणे. यात प्रत्येक बाब ज्या दिवशी टाकली त्या दिवशी मोजली जाते. लॉन बिछवलं की पैसे. त्यामुळे ठेकेदाराला स्वस्तात जास्त क्षेत्र हिरवं दाखवायला लॉनइतकं सोयीचं दुसरं काही नाही. फेरीप्रमाणे पैसे असले की फेऱ्या वाढतात. महिन्याच्या ठोक रकमेत पाणी असलं की फेऱ्या घटतात. दोन्हीकडे झाडाच्या मुळाशी किती पाणी पोचलं हे मोजायची सोयच नसते. देखभाल बारा महिन्यांची असते, आणि ऑगस्टमध्ये लावलेल्या रोपाचा दुसरा उन्हाळा तेराव्या महिन्यानंतर येतो. म्हणजे रोपाची परीक्षा संपायच्या आत ठेकेदार मोकळा. तेव्हा बदल इथेच करावा लागतो.

पहिला बदल मापात. चौरस मीटर आणि नग काढून टाका, जिवंत झाडावर पैसे द्या. लावल्यावर तीस-पस्तीस टक्के, मग पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मोजणी करून, राहिलेले तीन हप्त्यांत. प्रत्येक झाडाला नंबर, वॉर्डाच्या नकाशावर जागा, आणि मोजणीला उपयंत्र्यासोबत त्या वॉर्डाचा पार्षद. मेलेल्या रोपाच्या जागी ठेकेदाराने नवं लावलं तर त्याची तीन वर्षं नव्याने सुरू. असं केलं की ठेका लहान माणसाला परवडत नाही, अशी तक्रार येते आणि ती खरी आहे, कारण पैसे अडकून राहतात. त्यावर उपाय म्हणजे काम तोडून द्यायचं: दोनशे-तीनशे झाडांचा एक गट, म्हणजे गावातला रोपवाटिकावालाही पुढे येऊ शकतो.

दुसरा बदल वेळेत. ५ जूनला पर्यावरण दिन असतो, त्यामुळे झाडं ५ जूनला लावली जातात. माळव्यात मान्सून जूनच्या उत्तरार्धात येतो, कधी महिना संपता संपता. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात कोरड्या, तापलेल्या जमिनीत रोप घालून त्याला पंधरा-वीस दिवस टँकरवर जगवायचं, आणि ते नेमकं पाणीकपातीच्या दिवसांत. पाहुण्यांना बोलवायचंच असेल तर ५ जूनला खड्डे दाखवा. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात उघडे ठेवलेले हवेत: झाडासाठी मीटरभर लांब-रुंद-खोल, झुडपासाठी अर्ध्या मीटरचे. शंभरेक मिलिमीटर पाऊस पडून जमीन आतपर्यंत भिजली की, साधारण जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, लावणी. खड्ड्यात वरची चांगली माती, एक हिस्सा मुरूम, आणि दहा-पंधरा किलो कुजलेलं शेणखत. ताजं शेण घातलं तर वाळवी येते.

रोप मोठं घेण्याचा मोह फार असतो. दहा फुटी झाड लावलं की त्याच दिवशी फोटो चांगला येतो. पण पिशवीत वाढलेल्या दहा फुटी झाडाची मुळं आत गोल गोल फिरलेली असतात. वर पानांचा पसारा मोठा आणि खाली मुळं एका घमेल्याएवढी, त्यामुळे ते पहिली दोन वर्षं फक्त पाणी मागतं. पाच-सहा फुटी रोप कमी पाण्यात रुजतं आणि तिसऱ्या वर्षी उंचीत दहा फुटीला गाठतं. काहीही लावा, काळी पिशवी काढून लावा आणि वेटोळं झालेली मुळं कापून मोकळी करा. हे लिहावं लागतं, कारण मेलेली रोपं उपटून पाहिली तर अनेकदा पिशवी तशीच निघते.

रोपाभोवतीचं आळं हे पाण्याचं माप असतं. साठ सेंटिमीटर व्यास आणि दहा सेंटिमीटर उंच कड असलेलं आळं २८ लिटर पाणी धरतं. ते जवळजवळ भरलं की पहिल्या वर्षाच्या रोपाचं एका वेळचं पाणी झालं, मोजायला दुसरं काही लागत नाही. पाच हजार लिटरच्या टँकरमध्ये दोनशे रोपांचं काम होतं. टँकर दोनशेच्या आत संपला तर पाणी कुठेतरी सांडतंय, आणि तीनशेंपर्यंत पुरला तर आळी भरत नाहीत. उपयंत्र्याला एवढं तपासायला कसलंही यंत्र नको. डिव्हायडरवर मात्र आज करतात त्याच्या उलट करायचं: माती कठड्याच्या आठ-दहा सेंटिमीटर खाली ठेवायची आणि मधोमध किंचित खोलगट, म्हणजे पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही.

कोणती झाडं, यावर खूप लिहिता येईल, पण थोडक्यात. सावली माणसाला हवी असते आणि माणूस रस्त्याच्या कडेने चालतो, म्हणून मोठी झाडं कडेला: कडुनिंब, करंज, शिरीष, बहावा, जागा असेल तिथे चिंच. अर्जुन आणि जांभूळ नाल्याजवळ, इतरत्र नको. डिव्हायडरवर कण्हेर आणि बोगनवेल. कण्हेर विषारी असते, त्यामुळे मोकळी गुरं तिला तोंड लावत नाहीत, जाळीचा खर्च वाचतो. बोगनवेलीला जास्त पाणी घातलं तर पानं येतात, फुलं येत नाहीत. ती टंचाईतच चांगली दिसते. रॉयल पाम रस्त्यावरून काढा, त्याची सावली खांबाएवढी आणि तहान केळीएवढी. कोनोकार्पस लावू नका. गुजरातच्या वनविभागाने २०२३मध्ये त्यावर बंदी घातली आहे, आपण मागून येऊन तीच चूक करायची गरज नाही.

कडेची पट्टी रस्त्यापेक्षा उंच बांधण्याची पद्धत कुठून आली कळत नाही. इंदूर भागात वर्षाला ९५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सात मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब रस्त्यावरून त्यातला ऐंशी टक्के वाहिला तरी ५३ लाख लिटर होतात. आज हे पाणी गटारात जातं. पट्टी रस्त्यापेक्षा पंधरा सेंटिमीटर खाली ठेवली आणि कडेच्या दगडांत दर पाच-सहा मीटरवर फूटभर रुंदीची फट सोडली की त्यातलं बरंच झाडांच्या बुंध्याशी उतरतं. काळ्या मातीत एक काळजी मात्र घ्यावी लागते: ती भिजली की पाणी मुरू देत नाही आणि डबकं होतं. पट्टीच्या मधोमध मुरमापर्यंत जाणारी गिट्टीची, म्हणजे खडीची, चर काढली की ते टळतं. फटीच्या तोंडाशी गाळ साचतो, तो श्रावणात एकदा आणि दसऱ्याला एकदा काढायचा. आणि जुन्या झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंटचे पेव्हर घट्ट बसवलेत, ते काढा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीत झाडांभोवतीचा एक मीटर मोकळा करायला लावला होता. तो शहाणपणा माळव्यात चालत नाही असं नाही.

एवढं टेंडरात आलं की विषय क्रमांक चार सोपा होतो. पण त्याचीही तारीख बदलावी लागते. कपातीचा ठराव एप्रिलमध्ये घाबरून करण्याऐवजी नोव्हेंबरमध्ये पायऱ्या ठरवून ठेवाव्यात: पावसाळा संपल्यावर बोरिंगची पातळी आणि तलावाचा साठा बघून, मग १ फेब्रुवारी आणि १ एप्रिलला पुन्हा मोजून. नळ एक दिवसाआड झाला की रस्त्यावरच्या लॉनचं पाणी त्याच दिवसापासून बंद. दोन दिवसांआड झाला की झुडपांना दहा दिवसांनी एकदा, कारंजी बंद, गाड्या आणि ओटे पाइपाने धुण्यावर दंड. एखाद्या वॉर्डात पिण्याचा टँकर सुरू झाला की फक्त तीन वर्षांखालच्या झाडांना पाणी, तेही पिण्याच्या फेऱ्या संपल्यावर. या शेवटच्या पायरीवर लोक म्हणतात, माणसं तहानलेली असताना झाडांना कसलं पाणी? पण हजार रोपांना सरासरी दिवसाला पाच हजार लिटर, म्हणजे एक टँकर. तो थांबवला तर तीन वर्षांचे पैसे आणि आधीच दिलेलं पाणी एका महिन्यात जातं. लॉन थांबवलं तर जातं ते फक्त हिरवेपण, आणि तेही सहसा परत येतं. आपल्याकडच्या रस्त्यांवर बहुतेक लॉन हरळीचं असतं, सिलेक्शन नंबर वन म्हणून विकतात तेही हरळीच. गणपतीला वाहतो ती दूर्वा उन्हाळ्यात वाळते, पिवळी पडते, मरत मात्र नाही. पहिल्या दोन पावसांत फुटते.

पायऱ्या आधी जाहीर असल्या की आणखी एक गोष्ट साधते. घरचा नळ कोरडा आणि समोरचा डिव्हायडर ओला दिसला की गाडी धुणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार परिषद गमावून बसते, मग पावतीपुस्तकं छापा किंवा नका छापू.

इंदूरचं एक उत्तर अजून बाकी आहे: शुद्ध केलेलं सांडपाणी. कबीटखेडीला दिवसाला २४५ दशलक्ष लिटरचं केंद्र आहे, शहराला २०२१मध्ये वॉटर प्लस (सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय न सोडणाऱ्या शहरांना केंद्र देतं ते) प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा बागांना ते पाणी वापरणं योग्यच. पण लहान गावाकडे असं केंद्र नसतं, आणि टँकरने दुरून आणायचं तर एका एकर लॉनला रोज सात टँकर लागतात. डिझेलचा हिशोब करा. ज्यांच्याकडे केंद्र आहे त्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. फवाऱ्याने उडवू नये, झाडाच्या मुळाशी द्यावं. ठिबक लावलं तर आधी वाळूची गाळणी आणि मग १२० मायक्रॉनच्या आसपासची डिस्क गाळणी, आठवड्याला एकदा नळीची टोकं उघडून धुवायची. हे झालं नाही तर शेवाळ महिना-दोन महिन्यांत ड्रिपर बुजवतं आणि मग कोणीतरी नळ्या कापून पाइपानेच पाणी घालू लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या पाण्याचा टँकर वेगळा, वेगळ्या रंगाचा, दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत ‘पिण्यासाठी नाही’ लिहिलेला. मे महिन्यात टँकर कमी पडले की बागेचा टँकर वस्तीत वळवण्याचा मोह होतो, आणि तो आवरायला ठराव पुरत नाही, रंग लागतो.

यावरचा आक्षेप शेवटी शोभेचाच असतो. पिवळी हरळी आणि पानगळीतला बहावा बघून पाहुणे काय म्हणतील, केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणाच्या गुणांकनात कमी पडू का? इंदूरने २०१७ ते २०२३ सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला क्रमांक घेतला, त्यामुळे भोवतीच्या प्रत्येक गावाला हे ओझं वाटतं. पण या स्वच्छतेत एक गोष्ट झाडांच्या थेट विरुद्ध जाते. सकाळची झाडू टीम फुटपाथबरोबर आळ्यातली पानंही लोटून नेते, आणि माती उघडी, गुळगुळीत, उन्हाला समोर ठेवते. तीच पानं आळ्यात सात-आठ सेंटिमीटर थराने, बुंध्यापासून चार बोटं दूर राहू दिली तर मातीवरचं ऊन थांबतं, पापुद्रा धरत नाही आणि पाच दिवसांचं पाणी सातव्या दिवसापर्यंत ओढता येतं. छाटणीच्या फांद्या यंत्रातून बारीक करून टाकल्या तर आणखी चांगलं, त्या वाऱ्याने उडत नाहीत. खर्च काही नाही, उलट कचऱ्याच्या गाडीची एक फेरी वाचते. फक्त आळ्यातली पानं उचलायची नाहीत हे सफाई दरोग्याला, म्हणजे सफाईवरच्या मुकादमाला, लेखी द्यावं लागतं, ठरावाच्या प्रतीसह. तोंडी सांगितलेलं पुढचा दरोगा बदलून येईपर्यंतच चालतं.